वन्संच्या दंडाचं माप

आमच्या वन्संचा दंड चांगला भरदार आहे. ही गोष्ट हसण्यावारी नेणाऱ्या प्रत्येक माणसाचा मला अजून राग येतो. त्यात माझे यजमानही आले आणि आमच्या तालुक्याचे शिकलेसवरलेले डॉक्टरही आले.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. सगळी त्यांना आक्का म्हणतात. अंबाजोगाईत त्यांनी कॉलेजच्या मुलांची खानावळ चालवली, एकटीनं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दोन वेळा परातीत ज्वारीचं पीठ मळायचं, भाकरी थापायच्या, भरलेली पातेली चुलीवरून उतरवायची. खांदे आणि दंड घडले ते त्या कामात, आणि नंतर वयानं अंगावर थोडं मांसही चढलं. खानावळ बंद करून त्या घाटनांदूरला आमच्याकडं राहायला आल्या, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आमचं दोघींचं चांगलं जमलं. सकाळी मी पेपर वाचायची आणि त्या मागच्या परड्यात मेथी-कांद्यात बसायच्या. कुणाचं बारसं असो, कुणाचं डोहाळजेवण, भाकरीला वन्संनाच बोलावणं यायचं. पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापून आल्या तरी "कटाळा आला" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गावात आरोग्य शिबीर भरलं. मांडव, स्पीकर, खुर्च्या, फुगे. शेजारणी निघाल्या म्हणून वन्संही निघाल्या, आणि त्यांच्यासोबत मी. टेबलामागं दोन मुली बसल्या होत्या. एकीनं वन्संच्या दंडाला मशीनचा पट्टा गुंडाळला. त्याचं जेमतेम टोकाला टोक लागलं. मशीननं हवा भरायला सुरुवात केली आणि पट्टा चर्रकन उघडला. पुन्हा लावला, पुन्हा उघडला. रांगेतला एक जण ओरडला, "अगं, तिला बैलाचा पट्टा आना!" सगळा मांडव हसला. वन्संही हसल्या. मी मात्र त्या माणसाकडं वळून पाहिलं. तो माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं मान खाली घातली, पण हसू काही दाबलं नाही.

शेवटी एका मुलीनं दोन्ही हातांनी पट्टा दाबून धरला आणि दुसरीनं बटण दाबलं. आकडा आला एकशे ऐंशी. मुलीनं तो कागदावर लिहायच्या आधीच माइकवाल्यानं ऐकला. "आपल्या गावच्या आक्कांचा बीपी एकशे ऐंशी निघालेला हाय! शिबीर न्हसतं तर काय झालं असतं, इचार करा!" टाळ्या पडल्या. कुणीतरी वन्संना हाताला धरून स्टेजवर नेलं, पुढाऱ्यानं त्यांच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली, फोटो निघाला. एखाद्या बाईच्या दुखण्याची माइकवरून दवंडी पिटायची, हे कुणाच्याच मनाला खटकलं नाही. घरी येताना वन्सं म्हणाल्या, "आता समद्या गावाला कळलं, मी मरायला टेकले." त्या थट्टेत बोलल्या. पण त्या रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला डॉक्टरांकडं गेलो. दवाखाना वरच्या मजल्यावर. जिना चढून वन्संना धाप लागलेली, तशातच कंपाउंडरनं त्यांना स्टुलावर बसवलं. तिथंही तोच प्रकार. पट्टा पुरेना. कंपाउंडरनं तो हातानं आवळून धरला आणि वर विचारत होता, "मावशी, मीठ लई खाता का? लोणचं? पापड?" वन्सं उत्तरं देत होत्या आणि मशीन फुगत होतं. आकडा पुन्हा मोठाच आला. डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या. पुढच्या खेपेला एक गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या खेपेला त्या गोळीची ताकद वाढवली. दर खेपेला पट्टा हातानं धरायचा, आकडा मोठा यायचा, गोळी वाढायची.

इकडं वन्संचा रंग उतरत चालला. सकाळी उठल्या की आधी भिंत धरायच्या. "डोकं रिकाम्या घागरीवानी वाटतंय बघ," मला म्हणायच्या. परड्यात बसलेली बाई उठताना माझा हात मागू लागली. बारशाचं बोलावणं आलं तर म्हणाल्या, "न्हाई जमत गं आता." मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बीपी वाढलेलाच आहे ना? मग चक्कर येणारच." मी वन्संना घेऊन परत आले. डॉक्टर म्हणाले म्हणजे तसंच असणार, असं आपल्याला वाटतं.

आणि एका दुपारी त्या पडल्या. परड्यातून उठल्या, दोन पावलं चालल्या आणि धुण्याच्या दगडावर कोसळल्या. भुवईवर खोक पडली, पदर रक्तानं भिजला. मी आणि शेजारीण, दोघींनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. टाके पडले. तिथल्या तिथं पुन्हा बीपी मोजला. तोच पट्टा, तशाच दाबून धरलेल्या दोन मुठी. भुवई शिवलेली, बाई घाबरलेली, आकडा मोठा येणार नाही तर काय होणार? डॉक्टर म्हणाले, "बघा. बीपीमुळंच पडल्या." आणि अजून एक गोळी वाढवली.

घरी मग न्यायनिवाडा सुरू झाला. जो येईल तो वन्संनाच बोलणार. "आक्का, तोंडावर ताबा ठिवा." "वजन कमी करा." यांनी तर लोणच्याची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात चटणी-लोणचं वाढलं, तिच्यापुढं अळणी वरण ठेवायचं आणि वर तिलाच दोष द्यायचा. मीठ कमी खावं हे मलाही कळतं. पण बोलणाऱ्यांचा सूर दुखणेकऱ्याशी बोलायचा नव्हता, गुन्हेगाराशी बोलायचा होता.

एवढ्या खेपा घालण्यापेक्षा घरीच मशीन घेऊ, असं मी ठरवलं. माझं ठरेपर्यंत हे मेडिकलवर जाऊन आलेसुद्धा. हातात छोटा डबा. "मनगटाचं हाय," म्हणाले. "दुकानदार म्हनला, आक्काचा दंड लई मोठा, तिथं पट्टा बसत न्हाई, तर मनगटाचंच घ्या. नवं मॉडेल हाय."

लावून पाहिलं. हात मांडीवर असताना एक आकडा, छातीशी धरला की दुसराच. वन्सं बोलल्या की तिसरा. यांनी स्वतःच्या मनगटाला लावलं तर यांचा वन्संपेक्षा जास्त निघाला. लगेच मशीन खराब झालं. वन्संचा आकडा जास्त आला तेव्हा मात्र मशीन बरोबर होतं. मी डब्यातला कागद उघडून वाचला. हात हृदयाच्या उंचीवर धरला नाही तर आकडा चुकतो, असं त्यात साफ लिहिलं होतं. "दुकानदारानं सांगितलं का तुमाला हे?" "त्याला काय माहीत?" हे म्हणाले. मग विकतो कावून, असं मला विचारायचं होतं.

पुण्याला असलेल्या आमच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, घड्याळ घेऊ आत्यासाठी. झोपेत पण बीपी सांगतं." ज्या आत्याला साधं घड्याळ बांधलं तर घाम येतो म्हणून ती काढून ठेवते, तिला झोपेत बांधायचं. मी म्हटलं, "तू इकडं ये, आत्याजवळ दोन दिवस बस, मग सांग काय घ्यायचं ते." तो रागावला. रागावू दे.

तेवढ्यात पुढाऱ्याचा कार्यकर्ता दारात हजर. शिबिरात ज्यांचा बीपी निघाला त्यांना मशीन वाटप सुरू होतं. हे मशीन दंडाचं होतं. डब्यावर पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, आत मशीनवरही तोच फोटो चिकटवलेला, इतका मोठा की आकड्यांच्या खिडकीची एक कड त्याखाली गेलेली. कार्यकर्त्यानं आधी आमचा फोटो काढला, मग चहा घेतला आणि गेला.

मी ते मशीन माझ्या दंडाला लावलं. नीट चाललं. वन्संच्या दंडाला लावलं. फुगलं आणि उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. कंपाउंडर करायचा तसं मीही पट्टा दोन्ही हातांनी दाबून धरला. माझं तोंड त्या पट्ट्याच्या अगदी जवळ आलं, आणि चष्म्यातून मला पट्ट्याच्या कडेला छापलेली अक्षरं दिसली. बावीस ते बत्तीस सेंटिमीटर. पट्ट्याच्या टोकाला एक बाणही होता, आणि तो दोन रेघांच्या मधे यायला हवा, असं चित्र काढलेलं. वन्संच्या दंडावर तो बाण त्या रेघांच्या जवळपासही पोचत नव्हता.

मी शिवणाच्या डब्यातला टेप आणला. वन्संच्या दंडाभोवती धरला. एकोणचाळीस.

मी डबा पुन्हा उघडला. सोबत दिलेल्या पुस्तिकेत मराठी पान होतं. त्यात लिहिलं होतं, पट्टा लहान असेल तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. शिबिरातल्या मुलींच्या हातात असाच पट्टा होता. दवाखान्यातही असाच. त्यावरही हे आकडे छापलेलेच असणार. कुणी वाचले नव्हते. मीही नाही. पण मी मास्तरीण, ते डॉक्टर.

"काय झालं गं?" वन्संनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टेपचं टोक धरून आकडा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "म्हंजे माझा दंड मोठा न्हाई. ह्यांचा पट्टा ल्हान हाय."

मला तर गोळ्यांचं पाकीट उचलून परड्यात फेकावंसं वाटलं. वन्संनीच हात धरला. "डॉक्टरला इचारल्याबिगर न्हाई. उद्या खरंच वाढला तर तुलाच बोल लागंल."

मी मेडिकलवर गेले. दुकानदाराला मोठा पट्टा मागितला. तो गल्ल्यावर बसून हसला. "मॅडम, येवढ्या दंडाच्या बाया कोन येतंय मशीन घ्यायला?" मी त्याला त्याच्याच दुकानासमोरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या बायका दाखवल्या. पुरुषही दाखवले. "ह्यातल्या किती जणांच्या दंडाला तुमचा पट्टा बसंल, सांगा." तो म्हणाला, "कंपनी पाठवती तेच आमी ठिवतो."

मग मी बीडला गेले, वन्संना घेऊनच. बसस्थानकाच्या मागच्या रस्त्याला सर्जिकल सामानाचं एक दुकान आहे. मालक मुसलमान, पांढरी दाढी, कानाला फोन. त्यांनीही आधी महागातलं मशीनच पुढं केलं. ते हिंदीतून आकडा बोलून दाखवायचं, मोबाईलला जोडायचं. मी म्हटलं, "चाचा, बोलायला आमच्या घरात लई माणसं हायेत. मला दंडाचं साधं मशीन द्या, आकडे मोठे दिसणारं. आणि पट्टा ह्या दंडाला बसला पाहिजे. बसला न्हाई तर मशीन नको." त्यांनी फोन खाली ठेवला आणि वन्संच्या दंडाकडं बघितलं. हसले नाहीत. एवढ्यानंच माझा निम्मा राग उतरला.

"मोठा पट्टा निराळा येतो," ते म्हणाले. "पन ज्या कंपनीचं मशीन, त्याच कंपनीचा पाहिजे. दुसऱ्याचा जोडला तर भरोसा न्हाई. माझ्याकडं आत्ता न्हाई, मागवावा लागंल."

"ठिवत कावून न्हाई?"

"बाई, खरं सांगू का? कुनी मागतच न्हाई. दवाखानेवालेसुदिक न्हाई."

याचाही मला संताप आला, पण तो त्यांच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. कोणत्या मशीनची तपासणी होऊन त्याला मान्यता मिळालेली आहे, ते मी मुलाला फोनवर शोधायला लावलं. आता तो शहाण्यासारखा शोधत बसला. त्यातलं एक चाचांकडं मिळत होतं. पट्टा छत्रपती संभाजीनगरहून येईपर्यंत आम्ही घरी थांबलो. तो आल्याचं कळल्यावर पुन्हा बीडला गेलो आणि वन्संनी दुकानातच बाही वर सारली. पट्टा गुंडाळला. बाण दोन रेघांच्या मधे येऊन थांबला. मशीन फुगलं, शांत झालं, पट्टा जागचा हलला नाही. आकडा आला एकशे वीसच्या थोडा वर.

वन्सं म्हणाल्या, "बिघडलं काय हे?" इतक्या दिवसांत चांगला आकडा त्यांनी पाहिलाच नव्हता.

घरी आम्ही पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं केलं. पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, थोडा वेळ निवांत, बोलायचं नाही. वन्संना गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. बसून मोजला की आकडा चांगला यायचा आणि उठून उभ्या राहिल्या की शंभराच्या खाली. गोळ्यांनी दाब नको तितका उतरवला होता. भिंत का धरावी लागत होती, ते मला आत्ता दिसत होतं. आम्ही डॉक्टरांकडं निघालो, मशीन पिशवीत घेऊन.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं नाही. मधेच म्हणाले, "मॅडम, घरच्या मशीनचं काही खरं नसतं. तुम्ही इंटरनेटवर काहीतरी वाचता आणि..."

"मी तुमचा पट्टा वाचला, डॉक्टरसाहेब," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. "त्याच्या कडेला लिहिलंय. बघा तुमच्या टेबलावरच्या पट्ट्यावर."

त्यांनी पाहिलं नाही. कंपाउंडरनं पाहिलं आणि हळूच पट्टा उलटा ठेवला.

"दोन्ही मशीननं मोजा," मी म्हटलं. "एकामागं एक. मग मी जाते."

पेशंट ऐकत होते, त्यामुळं डॉक्टरांना नाही म्हणता येईना. त्यांच्या पट्ट्यानं मोजला: एकशे बावन्न. थोडं थांबून आमच्या पट्ट्यानं मोजला: एकशे चोवीस. डॉक्टरांनी आमचा मोठा पट्टा काढून त्यांच्या हातानं पंप करायच्या जुन्या मशीनला जोडायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग कपाटातून कुठूनतरी एक जुना रुंद पट्टा निघाला. होता! त्यांच्याकडंच होता, औषधांच्या खोक्यांच्या मागं, धूळ खात पडलेला. तो लावून, कानाला नळ्या लावून, त्यांनी स्वतः मोजला. आमच्या आकड्याच्या जवळपासच आला. वन्संना उभं करून मोजला, तेव्हा आकडा शंभराच्या खाली गेला आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला.

त्यांनी कागद पुढं ओढला. मग गोळ्या कमी केल्या. एक सोडून सगळ्या बंद केल्या, हळूहळू कशा बंद करायच्या ते सांगितलं, आठवड्यानं परत बोलावलं. काम चोख केलं, हे मी कबूल करते. पण आपलं चुकलं, असा एक शब्द आला नाही. वन्संच्या भुवईवरचा व्रण त्यांच्या डोळ्यांपुढं होता. एवढंच म्हणाले, "यांच्या दंडाची जाडी असामान्य आहे, त्यामुळं होतं असं."

पुन्हा दंडच. मला बोलायचं होतं, पण वन्संनीच तोंड उघडलं. "डॉक्टरसाहेब, ह्याच हातानं हजारो पोरं जेवली. त्यातली काही डॉक्टर झाली. तुमी कुठं जेवत होता शिकताना?"

डॉक्टर हसले, ओशाळवाणे.

वन्संना बीपी आहे, खरंच आहे. एक गोळी चालू आहे, मीठ बेतानं आहे. पण चक्कर गेली. भिंत सुटली. उन्हाळ्यात शेजारच्या लग्नात त्यांनी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या आणि मधेच मला हाक मारून म्हणाल्या, "बघ गं, कुठं पडले का?" मी तिथंच उभी होते.

आमच्याकडं पाहुणे आले की हे ही सगळी हकीकत रंगवून सांगायला लागले. "आक्काच्या दंडाला बीडातसुदिक पट्टा मिळंना!" मग हशा. पहिल्यांदा मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ही हसायची गोष्ट न्हाई. त्या पडून गेल्या असत्या. पुन्हा सांगायची तर पूर्ण सांगा, कुनाकुनाचं चुकलं ते." पाहुण्यांनी कपात तोंडं घातली. यांनी त्यानंतर ती हकीकत सांगितलेली नाही. लोणच्याची बरणी खाली आली आहे. त्यातलं किती खायचं ते वन्सं स्वतः ठरवतात.

परवा मी माझ्या खोकल्यासाठी त्याच दवाखान्यात गेले होते. माझ्या पुढं एक दांडगा शेतकरी होता, सोबत बायको. कंपाउंडर त्याच्या दंडावर पट्टा दोन्ही हातांनी दाबून धरत होता. मी खोकत खोकतच म्हटलं, "कपाटात मोठा पट्टा हाय, तो काढ." त्या शेतकऱ्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं. "बाई, तुमाला काय करायचंय? तुमचा नंबर आल्यावर बोला." कंपाउंडर जागचा उठेना.

शेतकऱ्याची बायको मात्र माझ्या बाकावर सरकून बसली. "कावून म्हनलात तसं?" तिनं विचारलं. मी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.